सुपरनॅचरल : कुठल्या सीझनला किती उतारा?

विचारलंय असं : ‘सुपरनॅचरल’ पहिल्यापासून बघायला घेतलीय, मित्र म्हणतो पाचव्या सीझनला बंद कर, पुढं सगळा कचरा आहे. तर सगळ्यात चांगला सीझन कुठला आणि सगळ्यात टुकार कुठला? (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : थोरला डीन आणि धाकटा सॅम, या भुतंखेतं मारत फिरणाऱ्या विंचेस्टर भावांची ही अमेरिकन मालिका.)

उत्तर आधी देऊन टाकतो, भांडण मग करू. चांगला चौथा, टुकार तेरावा. सातव्याला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही आणि पाचव्याला थांबा म्हणणाऱ्यांतही नाही. अर्थात हे माझं मत झालं, आमच्या घरातसुद्धा ते चालत नाही. दादा पाचव्याचा माणूस आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं सीझन म्हटलं की आधी उसाचा आठवतो, मग शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचा. सिरियलचा सगळ्यात शेवटी. उसाच्या सीझनला गाळप किती झालं हे सगळे सांगतात, पण जाणता माणूस विचारतो, उतारा किती पडला? म्हणजे टनामागं साखर किती निघाली. १२ टक्के पडला तर टनाला १२० किलो, कारखान्यात सगळे खुशीत. ‘सुपरनॅचरल’चं गाळप दांडगं आहे. १३ सप्टेंबर २००५ ते १९ नोव्हेंबर २०२०, १५ सीझन, ३२७ भाग. एक भाग ४२ मिनिटांचा धरला तर सव्वादोनशे तासांच्या वर जातं. तुमच्या मित्राची तक्रार उताऱ्याबद्दल आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

उतारा म्हटलं की आमच्या आजीला मात्र साखर आठवायची नाही. तिला आठवायचा अमावस्येला तिकटीवर ठेवलेला दहीभात, वर लिंबू, हळदकुंकू. ती मूळची भुदरगडकडची. खवीस, मुंजा, चकवा ही तिच्या लेखी भावकीतलीच माणसं. मी पेन ड्राइव्हवर पहिला सीझन आणला तेव्हा दादा आणि मी रात्री जेवण झाल्यावर बघायचो आणि आजी कॉटवर पडल्या पडल्या विचारायची, ‘काय म्हंतोय त्यो?’ मी सांगायचो. पहिल्याच भागात पांढऱ्या कपड्यातली बाई हायवेवर गाडी थांबवते, मला घरी सोड म्हणते, आणि घर आलं की आत जाऊ शकत नाही, कारण स्वतःची पोरं तिनंच बुडवलेली. आजी म्हणाली, ‘तिला घराचंच भ्या हाय.’ भाग संपायच्या आधी तिनं ओळखलं. प्रत्येक घाटाला अशी एक बाई असतेच, त्यात कॅलिफोर्निया काय आणि आंबोली काय.

मिठावरून मात्र तिचं वाजलं. डीन खिडकीच्या उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढतो, भूत आत येऊ नये म्हणून. आजी उठून बसली. ‘मीठ असं सांडत्यात व्हय? मोहऱ्या-मिरच्यांसंगं ववाळून चुलीत टाकायचं.’ लोखंडाला भुतं भितात हे तिला पटलं. हाडं उकरून, मीठ टाकून जाळायची हे नाही पटलं. ‘आधी नीट जाळली असती तर उकराय लागलं असतं का?’ यावर विंचेस्टर बंधूंकडंही उत्तर नसावं.

हे सगळं सांगतोय कारण माझी मोजपट्टी तिथूनच आली. आजीला गोष्ट कळायची तोवर उतारा चांगला होता. आणि तिला कळायची, कारण त्या गोष्टीत प्रत्येक गोष्टीचा दाम होता. दुसऱ्या सीझनमध्ये चार रस्ते मिळतात तिथं डबी पुरायचा प्रकार येतो. डबीत स्वतःचा फोटो, स्मशानातली माती, काळ्या मांजराचं हाड. सैतान येतो, मागाल ते देतो आणि १० वर्षांनी आत्मा न्यायला कुत्री पाठवतो. तिकटीवरचा उतारा ओलांडला की काय होतं हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला यात समजवायचं काय? त्याच सीझनच्या शेवटी सॅम मरतो, डीन त्याला परत आणतो आणि बदल्यात डीनला मिळतं फक्त एक वर्ष. तिसरा सीझन म्हणजे तेवढं एक वर्ष. लेखकांच्या संपामुळं तो १६ भागांतच आवरला, आणि बरंच झालं म्हणायचं. शेवटी कुणी देव आडवा येत नाही. कुत्री येतात आणि नरकात नेतात. बिल वसूल.

आता चौथा. डीन नरकातून परत येतो. एखाद्या ढिसाळ मालिकेत इथंच सगळ्यावर पाणी पडलं असतं, हिरो परत आला, चला पुढं. पण इथं त्या परत येण्याचंही बिल निघतं, आणि ते सीझनभर हळूहळू फाडलं जातं. आधी दिसतो खांद्यावरचा भाजलेला पंजा, त्याला ओढून काढणाऱ्याच्या हाताचा. तो कॅस्टिएल, पडवीत कोट टांगून ठेवलेल्या कारकुनासारखा दिसणारा देवदूत, नंतर मालिकेचा तिसरा खांबच झाला. मग कळतं की इथले चार महिने म्हणजे तिथली ४० वर्षं. मग आणखी पुढं डीन सांगतो की ३० वर्षं त्यानं सोसलं आणि उरलेली १० वर्षं इतरांना छळायचं काम घेतलं. आणि मग कळतं की त्यानं ते काम घेतलं त्या क्षणीच कयामत अडवून धरणाऱ्या सीलांपैकी पहिलं सील फुटलं होतं. दुसरीकडं सॅम चांगल्या हेतूनं सैतानाचं रक्त पितोय, लिलिथ नावाच्या सैतानिणीला मारायला जातोय, मारतोय, आणि तिचा मृत्यू हेच शेवटचं सील निघतं. थोरल्यानं दार किलकिलं केलं, धाकट्यानं सताड उघडलं, दोघांनाही पत्ता नव्हता. घरच्या धंद्यात दोन भाऊ असतील तर हे फार परकं वाटत नाही. उद्यमनगरात आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे, म्हणून बोलतोय.

दादाचं म्हणणं वेगळं. गंगावेशीत दूध प्यायला गेलो की हा वाद ठरलेला. समोर म्हैस, धार काढून ग्लास हातात, दादाच्या ओठावर फेसाची मिशी, आणि तो म्हणणार, ‘चौथा म्हंजे नुसती तयारी रे. पंगत पाचव्यात बसली.’ त्याचा सगळा जीव पाचव्याच्या शेवटच्या भागात. सॅमच्या अंगात ल्युसिफर आहे, म्हणजे ती सीलं फुटल्यावर सुटलेला सगळ्या सैतानांचा बाप, तो डीनला त्यांच्याच गाडीला टेकवून ठोकतोय. ती ६७ ची इम्पाला, बापाची. उन्हाची तिरीप काचेवर येते, आणि ल्युसिफरची नजर मागच्या सीटजवळच्या ॲशट्रेकडं जाते. लहानपणी सॅमनं तिथं कोंबलेला प्लॅस्टिकचा सैनिक अजून तिथंच अडकलेला. त्या एवढ्याशा खेळण्यावरून सॅम स्वतःचं अंग परत मिळवतो.

तिथं दादानं पॉज केलं होतं. मला वाटलं लघवीला चाललाय. तर म्हणाला, ‘आपला ड्रॉवर.’ बाबांच्या जुन्या लेथला खाली लोखंडी ड्रॉवर होता, टूल बिट ठेवायचा. एका उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघांनी स्क्रायबरनं त्याच्या आतल्या बाजूला नावं ओरखडली होती. दादाचं नीट, माझा ‘र’ उलटा. बाबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवसापासून स्क्रायबर वरच्या फळीवर गेला. लेथ पुढं भंगारात निघाला, त्या जागी संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं. ड्रॉवर आहे अजून. ड्रिल असतात त्यात.

तर पाचव्याला भारी म्हणणाऱ्यांशी मी फार जोर लावून भांडत नाही. माझी कुरकुर एवढीच की मधले काही भाग नुसते वेळ काढतात. मालिकेचा कर्ता एरिक क्रिपके, त्यानं गोष्ट पाच वर्षांची ठरवून आणली होती आणि ती तिथं संपते हे खरं आहे. तुमचा मित्र म्हणतो ते इथून येतं. नंतर कारखान्याचं पॅनेल बदलावं तसं झालं. सहावा-सातवा सेरा गॅम्बलकडं, आठ ते अकरा जेरेमी कार्व्हरकडं, पुढचे अँड्र्यू डॅब आणि रॉबर्ट सिंगरकडं. ऊस तोच, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय नवा.

सहावा विस्कळीत आहे, मान्य. पण त्यात दोघे भाऊ आपल्या खऱ्या जगात येऊन पडतात, जिथं लोक त्यांना जेरेड आणि जेन्सन या नटांच्या खऱ्या नावांनी हाक मारतात आणि त्यांचं आयुष्य म्हणजे कॅनडात चाललेलं शूटिंग असतं, तो एक भाग आहे. त्या एका भागासाठी सहाव्याचं निम्मं पाप माफ.

सातव्याबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण याला सगळ्यात जास्त जोडे पडतात. व्हिलन लेव्हायथन, माणसं खाणारे, आणि त्यांची योजना काय तर कॉर्न सिरप घातलेलं खाणं विकून माणसांना सुस्त करून ठेवायचं. त्यांना भाजतं कशानं तर बोरॅक्सनं, म्हणजे टाकणखारानं. लोक हसले. मला कळत नाही यात हसण्यासारखं काय आहे. पॅकेटातलं खाऊन सुस्त पडलेलं पब्लिक कुठल्याही मॉलबाहेर बघायला मिळतं. आणि सीझनची खरी ताकद दुसरीकडं आहे. तो या दोघांचं एकेक काढून घेतो. त्यांना बापाच्या जागी असलेला म्हातारा शिकारी बॉबी, त्याचं घर जळतं, कॅस्टिएल जातो, लेव्हायथन या दोघांचे चेहरे घेऊन खून करतात म्हणून गाडीसुद्धा झाकून ठेवावी लागते, आणि दहाव्या भागात बॉबी. डोक्यात गोळी घेऊन तो आपल्याच आठवणींच्या खोल्यांतून पळतोय, यमदूत मागं लागलेला, पोरांना एक आकडा सांगायचा राहिलाय. तो भाग बघून दादा दुसऱ्या दिवशी डबा न उघडता बसला होता. पुढं बॉबीचं भूत आणून लांबण लावली ती चूकच. पण टुकार? टुकार असा नसतो.

आठ ते बारा भराभर सांगतो. आठव्यात बंकर मिळतो आणि पायाखाली जमीन येते, चांगला. नववा ठीक. दहाव्याचा राग आहे : डीन स्वतः सैतान होतो, आम्ही वर्षभर वाट बघितली, आणि तीन भागांत बरा. ताप आला होता का त्याला? अकराव्यातला चौथा भाग पूर्ण गाडीच्या आतून दाखवलाय, तो एकटा काढून बघितला तरी चालतो. बाराव्यात मेलेली आई परत येते. भीती होती की वाट लावणार, पण आई पोरांच्या आठवणीतल्यासारखी निघत नाही, तिला हे दोन दांडगे बाप्ये आपले वाटतच नाहीत, हे त्यांनी धीटपणे लिहिलंय.

आणि मग तेरावा. नावातच तेरावं आहे, पण जेवणावळ मात्र मेलेल्यांनीच उठवली. दुसऱ्या एका जगाचं दार उघडतं आणि तिकडून बॉबी येतो, त्यांची मेलेली मैत्रीण चार्ली येते. तेच चेहरे, दुसरी माणसं. सातव्यात ज्या बॉबीसाठी आम्ही डबा उघडला नाही तो टोपी घालून परत हजर, आणि ह्या पोरांना ओळखत नाही. मग आम्ही तेव्हा कशाला रडलो? आजी गेल्यावर तेराव्याला पान वाढून झाल्यावर जर तिच्यासारखीच एखादी बाई दारात येऊन ‘मी दुसऱ्या गल्लीतली आजी’ म्हणाली असती, तर आम्ही तिला चहा दिला असता. रडलो नसतो. उतारा पडतो तो इथं. भुतं संपली, गोष्टी लांबल्या, यानं तेवढं बिघडत नाही. मरणाला दाम उरला नाही की ऊस नुसता चिपाड. तरी पण याच सीझनमध्ये स्कूबी-डूच्या कार्टूनमध्ये शिरण्याचा भाग आहे आणि तो झकास आहे, ही या मालिकेची जुनी खोड. कुठलाच सीझन निवांतपणे फेकून देता येत नाही.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पाचव्यापुढं गेलात तर तिथं पोचणारच. त्यामुळं ज्यांना माहीत करून घ्यायचं नाही त्यांनी इथंच उतरा. पंधराव्यात खुद्द देवच व्हिलन. कोरोनात शूटिंग थांबलं, मार्चमध्ये १३ भागांवर अडकलेला सीझन ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाला. देवाला हरवतात. आणि त्यानंतरच्या भागात, एका साध्या कामावर, गोठ्यासारख्या कोठारात, डीन खांबातून बाहेर आलेल्या सळईवर आदळतो आणि मरतो. पब्लिक भडकलं. मीही. सैतान, देवदूत, देव सगळे पचवले आणि सळईनं मेला?

दादा काही बोलला नाही. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नाही. वीस वर्षं त्यानं लेथच्या चालू चकाजवळ हात घातलाय, अंगावर कास्टिंग उचललीत, एकदा क्रेनची साखळी डोक्यावरून गेलीय. करंगळी गेली ती एका शनिवारी, पगार वाटून झाल्यावर, छोट्या प्रेसवर एक वॉशर तेवढा राहिला म्हणून. त्यानं रिमोट ठेवला, करंगळी माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, ‘कामावर असंच होतंय.’

तेव्हापासून पंधराव्याचा शेवट मी वाईट यादीतून काढलाय. चौथ्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, दूध कितीही पाजलं तरी. तुम्ही आत्ता कुठल्या भागावर आहात ते कळवा. पहिल्या सीझनचा आठवा, किड्यांचा भाग आला असेल तर जेवताना लावू नका.