बारावी राहिलेली, दोन मुले पदरात आणि परिचारिका होण्याची इच्छा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि गणित राहिले, पुन्हा बसूनही ते सुटले नाहीत, त्यानंतर लगेच लग्न झाले. आज तुमचे वय ३१ आहे, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे, आणि तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात तुम्ही मदतनीस म्हणून काम करता, जिथे रुग्ण तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणतात पण पगार मदतनिसाचाच मिळतो. वय निघून गेले का, विज्ञानाची बारावी पुन्हा करावी का, आणि गावातल्या एका संस्थेचा एक वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ ४५ हजार रुपये भरून करावा का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकण्याची भीती आहे. हा डिप्लोमा करू नका. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केल्यावरच होते. यांपैकी सर्वांत लहान अभ्यासक्रम एएनएम, आणि तोही दोन वर्षांचा असतो. एका वर्षात आणि बारावीची गुणपत्रिका न मागता मिळणारे प्रमाणपत्र फार तर रुग्णसहायकाच्या कामाचे असते. ते काम हलके नाही, परंतु तुम्ही ते आजही करतच आहात आणि त्यासाठी पुन्हा पैसे मोजण्याचे कारण नाही. कोणत्याही संस्थेचे नाव परिषदेच्या आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत स्वतः पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

विज्ञान शाखेचा आग्रह माझ्या मते सोडून द्यावा. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि राज्याची प्रवेश परीक्षा लागते. ज्या विषयांनी तुम्हाला एकदा अडवले, त्यांच्याशी घर आणि नोकरी सांभाळून पुन्हा झुंज देण्यात दोन-तीन वर्षे जाऊ शकतात, आणि तेवढी वर्षे तुमच्या हाती नाहीत. तीन वर्षांच्या जीएनएमला कला शाखेची बारावीही चालते. दहावीच्या आधारे १७ नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून खासगीरीत्या परीक्षेला बसावे, हा मला सरळ मार्ग वाटतो. हा फॉर्म पावसाळ्याच्या सुमारास भरून घेतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्यामुळे जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात आताच चौकशी करावी. ती मुदत हुकली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची बारावीही ग्राह्य धरली जाते आणि तिच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, मात्र विषय निवडताना इंग्रजी घेतलेच पाहिजे. बारावीशिवाय मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट बी.ए. झालेल्या काही भगिनींना पदवी हाती असूनही नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

बारावी नुसती उत्तीर्ण होऊन भागणार नाही. बोर्डात ३५ टक्क्यांना उत्तीर्ण होता येते, पण जीएनएमला किमान ४० टक्के लागतात आणि इंग्रजी विषय अनिवार्य आहे. इंग्रजीतही स्वतंत्रपणे ४० च्या वर गुण मिळवण्याचेच लक्ष्य ठेवा. दिवसाला एकच तास मिळणार असेल तर तो इंग्रजीला द्यावा, कारण पुढे शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे सारे इंग्रजीतूनच वाचायचे आहे.

आता वयाविषयी. जीएनएम आणि एएनएम या दोन्हींच्या प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. येत्या परीक्षेत यश आले तर तुम्ही ३२ व्या वर्षी प्रवेश घेऊ शकाल, म्हणजे वेळ आहे, परंतु दोन-तीन वेळा अपयश पचवण्याइतकी नाही. यासाठी माझा सल्ला असा की प्रवेशाच्या वेळी जीएनएमबरोबर एएनएमचाही अर्ज भरावा. एएनएम झालेल्या परिचारिकेला पुढे जीएनएमसाठी वयाची अट राहत नाही, ही तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते आणि तुमच्यासारख्या स्त्रीसाठी ती फार मोलाची आहे. शिवाय एएनएमनंतर उपकेंद्रातील आरोग्य सेविकेच्या पदासाठी प्रयत्न करता येतो. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि राखीव प्रवर्गांसाठी ४३ ही सर्वसाधारण वयोमर्यादा असते. तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल तर अभ्यासक्रम संपल्यावर शासकीय नोकरीसाठी जेमतेम तीन-चार वर्षे मिळतील, आणि ती हुकल्यास खासगी रुग्णालयांवर भिस्त ठेवावी लागेल. नोंदणी असलेल्या परिचारिकेची तेथे गरज असतेच.

घरच्यांचा होकार आहे असे तुम्ही लिहिले आहे. माझा अनुभव असा की ‘शिक’ म्हणणारे घर रात्रपाळीच्या वेळी गप्प होते. प्रशिक्षणात सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्या कराव्या लागतात, आणि अनेक संस्थांमध्ये, विशेषतः शासकीय, वसतिगृहात राहण्याची अपेक्षा असते. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण १०० टक्के भरून द्यावी लागते, म्हणजे मुलाच्या तापासाठी घेतलेली रजाही पुढे कामाने फेडावी लागते. त्यामुळे पती आणि सासूबाई यांना समोर बसवून, रात्रपाळीच्या आठवड्यात मुलाला शाळेसाठी कोण तयार करणार, इतका नेमका प्रश्न विचारावा. विवाहित विद्यार्थिनीला घरून ये-जा करू देणार का, हे प्रत्येक संस्थेला अर्जापूर्वी विचारावे. नाहीच म्हटले तर मुले माहेरी राहू शकतील अशा गावाजवळची संस्था शोधावी लागेल. पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेने गेल्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्यांत संसाराचे घाव सोसलेल्या विधवाही होत्या. त्यामुळे ‘आता या वयात?’ असे विचारणाऱ्यांची फार चिंता करू नये.

सध्याच्या नोकरीविषयीही सांगणे भाग आहे. रुग्णालयातील तुमची वर्षे अभ्यासक्रमात मोजली जाणार नाहीत, आणि नोंदणी नसताना इंजेक्शन किंवा सलाइन लावण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली जात असेल तर ती नम्रपणे पण ठामपणे नाकारावी, कारण काही बरेवाईट घडल्यास त्याचा दोष तुमच्या माथी येईल.

फॉर्मची तारीख येण्यापूर्वी कागदपत्रे जुळवून ठेवावीत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने असेल, आधार कार्ड सासरच्या नावाने, तेव्हा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. राखीव प्रवर्गातील असाल तर जातीचा दाखला वडिलांच्या कागदपत्रांवरून मिळतो आणि जात पडताळणीला कित्येकदा महिने लागतात, म्हणून ते काम बारावीच्या निकालाची वाट न पाहता याच महिन्यात सुरू करावे.