आजारपण आणि घरातील मृत्यू यांमध्ये ख्रिस्ती विश्वास कसा टिकवावा?

तुम्ही ऐरोलीहून लिहिले आहे की, वडील जाऊन वर्ष होण्याआधीच आईला कर्करोगाचे निदान झाले, प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत, आणि मंडळीतील, म्हणजे तुमच्या चर्चमधील, एक ज्येष्ठ बाई ‘तुमचा विश्वास कमी पडतो आहे’ असे म्हणाल्यापासून उपासनेला जाणेही नकोसे झाले आहे.

आधी त्या बाईंच्या बोलण्याविषयी सांगते, कारण ते शल्य मलाही ठाऊक आहे. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. प्रेषित पौलाने ‘शरीरातील काटा’, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तरी तो निघाला नाही, आणि म्हणून पौलाचा विश्वास तोकडा होता असे कोणी म्हणत नाही. आजार म्हणजे विश्वासाच्या परीक्षेतील नापासाचा शेरा, हे पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, शिक्षण नव्हे.

मला २०१८ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला आणि तेथून रिक्षाने टाटाच्या कर्करोग केंद्रात, असा आमचा प्रवास असे. यजमान फायलींची पिशवी मांडीवर धरून शेजारी बसत. केमोथेरपीने तोंड आतून इतके सोलवटले होते की पाण्याचा घोटही झोंबत असे, आणि प्रार्थना तर मनातही उमटत नसे. त्या काळात मंडळीतील तिघी दर गुरुवारी संध्याकाळी घरी येत. एक जण थर्मासमधून नाचणीची आंबील आणत असे, मीठ बेताचे, कोमट, चमच्याने घेता येईल अशी. मग त्या माझ्या पलंगाशी बसून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत आणि मी भिंतीकडे तोंड करून नुसती ऐकत असे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणूस मला तेव्हा कळला. चौघे जण त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे छप्पर उघडून खाट खाली सोडतात, आणि येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहून बोलतो. खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारल्याचे तेथे लिहिलेले नाही. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे: विश्वास एकट्याने मुठीत आवळून धरायची वस्तू नाही, आपले हात गळून जातात तेव्हा तो दुसऱ्यांनी आपल्यासाठी वाहायचा असतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने यजमान गेले. दफनाच्या वेळी आम्ही मोजकीच माणसे होतो, गीत म्हणायलाही कोणाचा आवाज फुटला नाही. त्यानंतर कित्येक महिने मी बायबलमधील स्तोत्रांपैकी फक्त ८८ वे स्तोत्र वाचत होते, कारण ते सांत्वन न करता अंधारातच संपते. देवाशी भांडणारे हे स्तोत्र शास्त्रात जपून ठेवलेले आहे, म्हणजे तशी तक्रार करण्याची मुभा आपल्याला आहे, असे मी मानते. तक्रार करणारा निदान त्याच्याशी बोलत तरी असतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. रमाबाई रात्री रडल्या नसतील असे मला मात्र कधीच वाटले नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी स्वतः प्रभू येशूही रडला आहे.

आईसाठी पाळकांना घरी बोलवा. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायाप्रमाणे तेल लावून प्रार्थना करता येते, प्रभुभोजनही, म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा विधी, घरी देता येते. पण कोणी ‘विश्वासाची खूण म्हणून औषध थांबवा’ म्हणाले, तर कृपा करून ऐकू नका. मलाही एका प्रचारकाने रोजची गोळी सोडायला सांगितले होते. मी सोडली नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

आणि त्या बाईंना टाळण्यासाठी सगळी मंडळी सोडू नका. ज्यांच्यापुढे गप्प बसता येईल असे एक-दोघे शोधा आणि ‘सध्या माझ्या वाटची प्रार्थना तुम्ही करा’ असे त्यांना स्पष्ट सांगा. आमचा गुरुवार अजून चालू आहे, आता मीही आंबील घेऊन जाते. आईचे नाव कळवले नाहीत तरी चालेल. ‘ऐरोलीची एक आई’ एवढे म्हणून या गुरुवारी आम्ही प्रार्थना करू.