नामदार गोखले हे फक्त ‘कर कमी करा’ म्हणणारे लोकप्रतिनिधी होते का?

आपला प्रश्न असा आहे की, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कर आणि सरकारी खर्च यांविषयी मांडलेली भूमिका ‘कर कमी करा’ एवढीच होती का, आणि आजचा केंद्रीय अर्थसंकल्प वाचताना तिचा काही उपयोग होतो का. मी कोल्हापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो आणि गोखल्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे आवडीने वाचत आलो आहे. माझ्या मते ते कराच्या विरोधात मुळीच नव्हते. गरजेहून अधिक कर गरिबाकडून घ्यायचा आणि त्याच्या उपयोगी पडेल अशा कामावर मात्र तो खर्च करायचा नाही, या व्यवहाराला त्यांचा विरोध होता.

गोखले मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे, पण त्यांचे वडील कागलला नोकरीस होते, त्यामुळे त्यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. आपल्या राजाराम महाविद्यालयाचेही ते काही काळ विद्यार्थी होते. वडील १८७९ साली वारले आणि पुढचे शिक्षण थोरल्या भावाच्या तुटपुंज्या पगारातून झाले. मिठावरच्या कराच्या आठ आण्यांना एखाद्या घरात किती किंमत असते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, असे मला त्यांची भाषणे वाचताना नेहमी जाणवते.

मध्यवर्ती कायदेमंडळातील त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण २६ मार्च १९०२ रोजी झाले. त्या वर्षी सरकारने सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सभागृहात अर्थमंत्र्यांचे अभिनंदन चालू होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील होण्यास सुरुवातीलाच नकार दिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ देशाने नुकतेच सोसले होते, प्लेग अजून हटला नव्हता, आणि अशा काळात सरकारची तिजोरी भरून वाहत होती. लोक हलाखीत असताना तिजोरी कशी भरते, याचा उलगडा त्यांनी आकड्यांनिशी केला, आणि तो आजही कोणत्याही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे.

उलगडा असा. भारत सरकारला दरवर्षी विलायतेत कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, लष्कराचा खर्च वगैरेंसाठी मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. चांदीचा भाव घसरत गेल्याने रुपया १८९४-९५ च्या सुमारास १३ पेन्सपर्यंत उतरला, आणि तेवढेच पौंड पाठवण्यासाठी सरकारला अधिक रुपये गोळा करावे लागू लागले. ही तूट भरून काढण्याच्या निमित्ताने कर वाढवले गेले. मिठावरील कर १८८८ साली मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला तो याच काळात. लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे सरकारी टाकसाळींनी १८९३ सालीच बंद केले होते; त्याचा परिणाम होऊन पुढे रुपया १६ पेन्सवर स्थिरावला. आता साधा हिशेब करून पाहा. एका पौंडाचे २४० पेन्स. १३ पेन्सच्या दराने पौंडाला साडेअठरा रुपयांच्या आसपास पडत, तर १६ पेन्सच्या दराने बरोबर १५ रुपये. म्हणजे दर दहा लाख पौंडांमागे सरकारचे जवळजवळ ३५ लाख रुपये वाचू लागले, आणि विलायतेत पाठवण्याची रक्कम तर दीड कोटी पौंडांहून अधिक होती. संकटासाठी म्हणून लादलेले कर संकट संपल्यावरही तसेच चालू राहिले, म्हणून शिल्लक पडली. ती लोकांच्या भरभराटीची खूण नसून लोकांकडून नाहक घेतलेला पैसा आहे, असे गोखल्यांचे म्हणणे होते.

म्हणून त्यांनी सर्वप्रथम मिठाच्या कराला हात घातला. मीठ श्रीमंताला लागते तितकेच मजुराला लागते, त्यामुळे मजुराच्या मिळकतीतून जाणारा वाटा कितीतरी मोठा असतो. शिवाय कर जड झाला की गरीब माणूस मीठच कमी खातो, आणि जनावरांना तर ते मिळतच नाही. कर उतरवला तर खप वाढेल आणि सरकारचे नुकसान वाटते तेवढे होणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०३ साली हा कर दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला, खपही वाढला, आणि ते वाढलेले आकडे त्यांनी पुढच्या भाषणांत सरकारपुढे ठेवले. १९०३ सालीच प्राप्तिकराची सूट मर्यादाही वार्षिक ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर नेण्यात आली. या सवलतींचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे योग्य होणार नाही, कारण काँग्रेस वर्षानुवर्षे हीच मागणी करत होती. पण सरकारला उत्तर देणे भाग पडेल अशी मांडणी त्यांनी केली. या आकडेमोडीत सोलापूरचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी यांची त्यांना मोठी मदत होती. (पुण्याचे ‘सार्वजनिक काका’ म्हणजे गणेश वासुदेव जोशी, नावसाधर्म्यामुळे या दोघांची गल्लत वारंवार होते.)

खर्चाच्या बाजूने त्यांचा मुख्य आक्षेप लष्करावर होता. हिंदुस्थानातील फौज साम्राज्याच्या गरजेसाठीही ठेवलेली आहे, तेव्हा तिच्या खर्चाचा वाटा इंग्लंडने उचलावा, हा मुद्दा त्यांनी १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढील साक्षीतही मांडला होता. रेल्वे बांधायची तर कर्ज काढून बांधावी, करांतून उरलेला पैसा तिच्यात घालू नये; तो शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे वळवावा, असे ते सांगत राहिले.

ते कराचे विरोधक नव्हते याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्यांचे १९११ चे प्राथमिक शिक्षण विधेयक. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे शिक्षण देण्याची मुभा नगरपालिका व स्थानिक मंडळांना मिळावी, आणि त्यासाठी लोकांवर शिक्षण कर बसवण्याचा अधिकारही त्यांना असावा, अशी तरतूद त्यात त्यांनी स्वतः केली होती. मिठावरचा कर उतरवा म्हणून वर्षानुवर्षे झगडणारा माणूस शाळेसाठी कर द्या असे सांगतो, यात मला कसलाही विरोधाभास दिसत नाही. १९१२ च्या मार्चमध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखले १९१५ साली गेले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. कोल्हापूरकर म्हणून मला या गोष्टीचा विशेष अभिमान वाटतो.

आता आजच्या उपयोगाविषयी. शिलकीचा युक्तिवाद आज जसाच्या तसा लागू होत नाही, कारण केंद्राचा अर्थसंकल्प आता तुटीचा असतो आणि व्याज हीच खर्चाची एक फार मोठी बाब झाली आहे. मात्र कराचा भार कोणावर पडतो, हा त्यांचा प्रश्न तसाच उभा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतील कारखानदार आणि त्याच्याच कारखान्यातील हेल्पर एकाच दुकानातून साबण घेतात तेव्हा दोघांनाही जीएसटी सारखाच पडतो. प्राप्तिकराचे तसे नसते, तो मिळकतीप्रमाणे वाढतो. त्यामुळे महसूल वाढला अशी बातमी आली की वाढ नेमकी कोणत्या करातून झाली, आणि त्यात उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) व अधिभार (करावरचा कर) किती, हे आधी पाहावे. कारण उपकर आणि अधिभार राज्यांच्या वाट्यासाठी विभागले जात नाहीत.

आपल्या खासदारांची भूमिका पारखतानाही हेच पाहावे. १८९२ च्या कायद्याखाली गोखल्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. ठराव मांडण्याचा अधिकार १९०९ च्या कायद्याने मिळाला. आज संविधानाच्या अनुच्छेद ११३ नुसार लोकसभा मंत्रालयांच्या खर्चाची कोणतीही मागणी (अनुदानाची मागणी) नाकारू शकते किंवा कमी करू शकते, सदस्यांना कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव, देता येतात, आणि तरीही वेळेअभावी अनेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकत्रितपणे मंजूर होतात. आपल्या खासदारांनी अनुदानाच्या मागण्यांवर काय भाषण केले, कोणती कपात सूचना दिली, हे लोकसभेच्या संकेतस्थळावरील कामकाजाच्या वृत्तांतात सापडते. निवडणुकीतील आश्वासनांपेक्षा मी त्या वृत्तांताला अधिक महत्त्व देतो.