उचलून नेलेली कुत्री परत आणून सोडली, असं का?

या वेळी पत्रं आणि मेसेज मिळून निम्म्याहून जास्त प्रश्न कुत्र्यांचेच आलेत, त्यामुळे शेवटचा एक पोपटाचा प्रश्न सोडून अंक त्यांनाच देऊन टाकला. एक गंमत सांगते, भांडणारे दोन्ही पक्ष आपल्याला हवा तेवढाच नियम फोटो काढून पाठवतात, खालचा अर्धा कापलेला. तो अर्धा मी इथे देतेय.

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीत आठ-दहा भटकी कुत्री आहेत, रात्री गाड्यांच्या मागे लागतात. नगरपालिकेत तक्रार केली तर गाडी आली, पाच कुत्री नेली आणि थोड्या दिवसांनी तीच कुत्री तिथेच आणून सोडली! मग नेली कशाला? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचा वैताग कळतो पण गाडीवाल्यांनी नियमाप्रमाणेच केलंय. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत (सगळे एबीसी म्हणतात), त्यात कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं असं आहे. त्यामागे कारण आहे. कुत्रं आपला इलाका धरून राहतं, तुम्ही पाच उचलून लांब नेलीत की कचराकुंडी तर तिथेच आहे, मटणाच्या दुकानाचं खरकटंही तिथेच आहे, मग शेजारच्या भागातली नवीन, नसबंदी न झालेली, लस न घेतलेली कुत्री येऊन बसतात आणि सहा-आठ महिन्यांत पिल्लं. ऑपरेशन झालेली कुत्री हळूहळू कमी होत जातात, फक्त भागातल्या बहुतेक कुत्र्यांचं काम व्हायला हवं, पाच नेली आणि पाच राहिली तर काही उपयोग नाही, त्यामुळे तक्रार करताना "उरलेली कधी नेणार" हे लेखी विचारा.

आता एक करा, परत आलेल्या कुत्र्याचा कान बघा. ऑपरेशन झालेल्याच्या कानाला इंग्रजी व्हीच्या आकाराचा छोटा काप असतो. काप नसेल तर सरळ विचारा की बाबा, नेलं होतं तर काप कुठाय. पकडताना चिमटा किंवा तार वापरायला बंदी आहे, हाताने किंवा जाळीनेच पकडायचं, आणि अंगावर पिणारी पिल्लं असलेल्या कुत्रीला तेव्हा नेत नाहीत, म्हणून ती राहिली असेल तर ओरडू नका.

यात सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये थोडी भर घातली. ११ ऑगस्टला दिल्लीबद्दल "सगळी उचला, शेल्टरमध्येच ठेवा" असा आदेश आला, देशभर गदारोळ झाला, २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी-लस करून त्याच जागी सोडा, पण रेबीज झालेलं किंवा तसा संशय असलेलं आणि अंगावर धावून जाणारं कुत्रं सोडायचं नाही. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री उचलून परत तिथे सोडू नका असा आदेश झाला. म्हणजे ही कुत्री शाळेच्या आवारातली असतील तर तुमचं म्हणणं वजनदार आहे, आणि एखादं कुत्रं खरंच चावरं असेल तर कोणतं, कधी, कोणाला चावलं ते लिहून द्या, "सगळीच नेऊन टाका" या अर्जाला कोणी हात लावत नाही.

प्रश्न : आम्ही रोज रात्री सोसायटीच्या गेटवर कुत्र्यांना चपाती-दूध घालतो. चेअरमन म्हणतात बंद करा, आम्ही म्हणतो कायदा आमच्या बाजूने आहे. कोण बरोबर? (डोंबिवली)

उत्तर : दोघंही अर्धे. खायला घालणं गुन्हा नाही, पण २०२३ च्या नियमातच लिहिलंय की जागा लहान मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि सोसायटीच्या ये-जा करायच्या दारापासून दूर ठरवायची, वेळ ठरवायची, आणि उरलेलं खरकटं उचलायची जबाबदारी घालणाऱ्याची. गेट म्हणजे नेमकी नको ती जागा! कोर्टानेही रस्त्यात कुठेही खायला घालू नका, महापालिकेने प्रत्येक वॉर्डात त्यासाठी जागा ठरवून द्यावी असं म्हटलंय. चेअरमनसाहेबांनाही सांगा की जागा ठरवून देणं हे सोसायटीचंच काम आहे, नुसतं "बंद करा" म्हणून चालणार नाही.

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉरला लिफ्टमध्ये न्यायला मनाई केलीय आणि महिन्याला पाचशे रुपये "पेट चार्ज" लावलाय. भरायचे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सांगतात की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि वेगळा चार्जही लावता येत नाही. लेखी उत्तर द्या, सूचनेची प्रत जोडा. पण आधी स्वतःकडे बघा हं, लायसन्स काढलंय का? पुणे-मुंबईत लागतं, रेबीज लसीचं सर्टिफिकेट जोडून ऑनलाइन होतं आणि दरवर्षी रिन्यू करायचं असतं. पट्टा न लावता पार्किंगमध्ये सोडता का? शी उचलायला पिशवी नेता का? माझ्या अनुभवात लिफ्टच्या निम्म्या भांडणांचं मूळ पार्किंगमधल्या घाणीत असतं. आणि कुत्रं निष्काळजीपणे मोकळं सोडल्याने कोणाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तिथे "आमचा चावत नाही हो" हे कोणी ऐकत नाही.

प्रश्न : आमच्या कुत्र्याचा दात शेजारच्या मुलाला लागला, थोडं रक्त आलं. आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे, सासूबाईंनी हळद लावली. पुरे ना? (नगर जिल्हा)

उत्तर : नाही, पुरे नाही, आणि हे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही थांबला नसाल अशी आशा आहे. रक्त आलं म्हणजे ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर, वर्गातली जखम. सगळ्यात आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात आणि पोरगं रडत असतं. हळद, तिखट, चुना काही नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे लस फुकट असते, आणि अशा जखमेत लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं, ते विचारून घ्या. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी भीती आहे, ती लस केव्हाच बंद झाली, आता दंडात किंवा लहान मुलाला मांडीत देतात आणि डोस मोजके. कुत्र्याला लस झालीय म्हणून मुलाची थांबवू नका. कुत्र्याला दहा दिवस घरीच बांधून लक्ष ठेवा, ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. मारून टाकायची तर अजिबात घाई नको, ते जिवंत असणं हीच तुमच्याकडची सगळ्यात उपयोगी माहिती आहे. आणि खर्च, रिक्षा, सोबत जाणं हे तुम्ही करा, शेजाऱ्यांनी मागायच्या आधी.

प्रश्न : आत्याकडे पिंजऱ्यात साधा हिरवा पोपट आहे, बोलतो पण. कोणीतरी म्हणालं गुन्हा आहे. (सातारा)

उत्तर : आहे. आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, पाळणं, विकणं, विकत घेणं सगळं बंद. दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात ते बजरीगर परदेशी, ते चालतात, आफ्रिकन ग्रे वगैरेला मात्र सरकारी नोंदणी लागते. आत्याबाईंना घाबरवू नका, वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करून विचारा. फक्त गच्चीत नेऊन पिंजरा उघडू नका, वर्षानुवर्षं आयती पेरूची फोड खाल्लेल्या पोपटाला उडताही धड येत नाही आणि कावळे पाच मिनिटांत जमतात.