हिरव्या वेलींची विणलेली टोपली वाळल्यावर सैल का पडते?

कारण माल ओला होता, बाकी काही नाही. ताज्या वेलीत, गवतात भरपूर पाणी असतं, ते उडून गेलं की काडी बारीक होते आणि विणताना कितीही घट्ट ओढलेलं असू दे, फटी पडतातच. म्हणून तोडून आणलेलं सामान आधी सावलीत पूर्ण वाळू द्यायचं (उन्हात टाकलं की रंग उडतो आणि ठिसूळ होतं) आणि विणायच्या आधी परत भिजवायचं. हे उलटं वाटतं पण तसंच करतात. पातळ पाती, गवत असेल तर थोडा वेळ पुरतो, सालीसकट जाड वेल असेल तर काही तास, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा म्हणजे ओल आतपर्यंत सारखी जाते. भिजली का हे बघायला एक काडी बोटाभोवती गुंडाळा, तडकली नाही म्हणजे झाली. पण रात्रभर पाण्यात विसरू नका, जास्त फुगली की पुन्हा तोच सैलपणा.

अजून एक, साध्या एक वर एक खाली विणीत उभ्या काड्यांची संख्या विषम ठेवा, नाहीतर दुसऱ्या फेरीत धागा त्याच काड्यांवरून जातो आणि वीण बसतच नाही. दर दोन-तीन ओळींनी बोटांनी खाली दाबत चला. आणि चीक निघणारी अनोळखी वेल असेल तर हात लावू नका, काहींनी जाम खाज सुटते. टोपली पूर्ण सुकल्याशिवाय कपाटात ठेवू नका, बुरशी येते.