ईसीजी नॉर्मल, मग शुद्ध का हरपते?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. सात महिन्यांत तीनदा बेशुद्ध पडल्या. परवा खुर्चीत बसून मटार सोलत होत्या, ताटासकट खाली आल्या. मिनिटभरात शुद्धीवर! ईसीजी, इको, २४ तासांचा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), सगळं नॉर्मल. आता छातीत यंत्र बसवायला सांगितलंय. खरंच गरज आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बसवून घ्या.

साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांची नोंद घेतो, होल्टर एका दिवसाची. सासूबाई पडतात दोन-अडीच महिन्यांतून एकदा. होल्टर लावला त्या दिवशी त्या पडल्याच नाहीत, तर त्यात सापडणार काय? त्या दिवशी ठोके ठीक होते, एवढंच कळलं.

मला काळजी वाटते ती बसल्या जागी कोसळण्याची. रांगेत ताटकळून, घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं बहुतेक वेळा कमी धोक्याचं असतं. काही न जाणवता शुद्ध जाते आणि लगेच येते, तेव्हा ठोके मध्येच थांबतात का, हे बघावंच लागतं.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. पडताना हात झटकायचे, म्हणून दोन वर्षं फिटच्या गोळ्या खात होते. मेंदूला रक्त कमी पडलं तरी असे झटके येतात. होल्टर दोनदा स्वच्छ. लूप रेकॉर्डर, म्हणजे ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणारं छोटं यंत्र, बसवल्यावर चौथ्या महिन्यात नोंद मिळाली : सात सेकंद नुसती सरळ रेघ. पेसमेकर बसवला, त्यानंतर ते पडलेले नाहीत.

तुम्हाला सांगितलेलं यंत्र बहुधा हा लूप रेकॉर्डरच. पेनड्राइव्हपेक्षा लहान असतं. जागा बधिर करून छातीवर डाव्या बाजूला कातडीखाली सरकवतात. बॅटरी साधारण तीन वर्षं चालते. ते फक्त नोंद ठेवतं, ठोके सुधारत नाही, हे सासूबाईंनाही नीट सांगा.

झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांपर्यंत बीपी मोजलंय का? नसेल तर आधी ते करून घ्या. बीपीच्या, लघवीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. माहेरी कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

पुन्हा पडल्या तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. आडवं झोपवा, पाय उचलून धरा, नाडी बघा, वेळ लिहून ठेवा. लगेच शुद्ध आली नाही तर १०८ला फोन करा. आणि आजपासून त्यांना न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका.