देवाला सगळं आधीच माहीत असेल आणि माणूस निमित्तमात्र असेल, तर आपल्या हातात काय उरतं? गीता शब्दशः वाचावी का?

प्रश्नात 'निमित्तमात्र' दिसलं आणि हातातलं काम बाजूला पडलं. या एका शब्दापायी आमच्या घरात दोन वर्षं धड बोलणं नव्हतं.

ठाण्यात नौपाड्याला आमची तीन मजली जुनी इमारत. काका वरच्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. आमच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबला पोपडे सुटले होते, आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या म्हणून मी तीन मीटिंगांत ओरडलो. तिसऱ्या मीटिंगला काकांनी डोळे मिटले आणि अकराव्या अध्यायातला तेहतिसावा म्हटला: 'मयैवैते निहताः पूर्वमेव, निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्'. म्हणजे कृष्ण अर्जुनाला सांगतो, यांना मी आधीच मारलंय, तू फक्त निमित्त हो. जे व्हायचं ते त्याने आधीच करून ठेवलंय, तू कोण थांबवणारा? बाकीच्यांची वर्गणी वाचत होती, त्यामुळे त्यांनाही त्या दिवशी अध्यात्म पटलं.

पुढच्या पावसाळ्यात पहाटे ओट्यावर हा एवढा ढपला पडला. आई दारात दूध घ्यायला गेली होती म्हणून वाचली. चहाचं पातेलं चेपून ताटलीसारखं झालं. काका खाली आले, पातेलं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "काळ आला होता रे, वेळ आली नव्हती." आई गेली असती तर 'वेळ आली होती' म्हणाले असते. संपलं.

त्या रात्री मी पोथी काढली. तो श्लोक सुरू कुठून होतो? 'तस्मात्त्वमुत्तिष्ठ'. म्हणून तू ऊठ! काकांनी खालची ओळ उचलली आणि बसून राहिले. त्याच अध्यायात सत्ताविसाव्या श्लोकात विश्वरूपाच्या दातांत योद्ध्यांची चुरडलेली डोकी अडकलेली दिसतात. ते काकांच्या मते रूपक, निमित्तमात्र तेवढं अक्षरशः. आणि अठराव्यात 63व्या श्लोकाला तोच कृष्ण 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर, म्हणतो, त्याचं काय करायचं? शब्दशः वाचणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचा श्लोक धरून असतो, हे माझं स्पष्ट मत.

आता तुमचा प्रश्न. माहीत असणं म्हणजे घडवणं नव्हे, हे नेहमीचं उत्तर. स्लॅब पडणार हे मलाही माहीत होतं, मी काही तो पाडला नाही. पण माझा अंदाज चुकू शकला असता, देवाचा चुकणार नाही, तिथे हे उत्तर लंगडं पडतं. शिवाय कृष्ण तिथे 'मला माहीत आहे' म्हणतच नाही, 'मी मारलेत' म्हणतो. ही गाठ माझ्याच्याने सुटलेली नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापून आलेल्या गीतारहस्यात कर्मविपाक (केलेल्या कर्माचं फळ) आणि आत्मस्वातंत्र्य यांवर अख्खं प्रकरण आहे, ते सावकाश वाचा. बंद कोठडीत बसून माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिणं म्हणजे गंमत नव्हे.

तोवर कुणी 'ठरलेलं असतं' म्हणालं, की त्यांना श्लोक पहिल्या ओळीपासून म्हणायला लावा.

मी संस्कृतचा पंडित नाही, चूक असेल तर सांगा. काकाही मनाने वाईट नाहीत, आईच्या आजारपणात रात्ररात्र जागले. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांनी तीन डॉक्टर पालथे घातले. आणि चेपलेलं पातेलं मी अजून टाकू दिलेलं नाही.